सत्तावीस इंचांचं दार

हॉर्नची मान मंगळवारी सकाळी डावीकडे वळली आणि तिकडेच राहिली.

हॉर्न ही माझी मैत्रीण. शहराची बस चालवते आणि घरातही अशा आवाजात बोलते की समोरच्यानं आपोआप बाजूला व्हावं. दुसरी मैत्रीण औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, तिला आम्ही गोळी म्हणतो. मी लोकांचे कपडे उसवते आणि घट्ट-सैल करून परत शिवते. माझ्या गळ्यापाशी कायम चार टाचण्या खोचलेल्या असतात, म्हणून मी टाचणी. आमची खरी नावं फक्त बँकेला माहीत आहेत.

फोनवर ती एवढंच म्हणाली, "या." हॉर्न एका शब्दात थांबली म्हणजे प्रकरण गंभीर. आम्ही दोघी हातातलं टाकून धावलो. बाईसाहेब शिडीच्या खालच्या पायरीवर बसलेल्या, केसांत पांढरे ठिपके, हातात ब्रश आणि नजर स्विचबोर्डवर खिळलेली.

"मी इकडे आहे," गोळी म्हणाली.

"माहितीये. तू स्विचबोर्डपाशी ये, म्हणजे दिसशील."

आम्ही मुकाट्यानं स्विचबोर्डपाशी जाऊन उभ्या राहिलो. वर बघितलं तर छत पांढरंशुभ्र झालेलं, फक्त खिडकीजवळचा एक कोपरा जुन्या पिवळ्या रंगाचा उरलेला.

"किती वेळ वर बघत होतीस गं?"

"काल तीन तास. आज सकाळी दोन."

"पाच तास! अगं, बगळासुद्धा मधनंमधनं मान खाली घालतो."

"रंगारी म्हणाला पुढच्या महिन्यात. आणि बाबा येतायत रविवारी."

त्या रविवारसाठीच सगळा खटाटोप चालला होता. हॉर्नचे वडील बंदरावर क्रेन चालवायचे. मागच्या हिवाळ्यात पडले आणि पायांतलं बळ गेलं ते परत आलं नाही. तेव्हापासून ते गावाबाहेरच्या एका शुश्रूषागृहात होते, चाकांच्या खुर्चीत. घरी चला म्हणून लेक मागे लागली तेव्हा त्यांनी एकच अट घातली. बाथरूमला मी एकटा जाणार. एकटा आत, एकटा बाहेर, कुणाचा हात लागणार नाही. जमलं तर राहतो. नाही जमलं तर त्याच संध्याकाळी परत. तिथली खाट त्यांनी सोमवारपर्यंत राखून ठेवायला सांगितली होती.

"नऊ तास बस चालवून येणाऱ्या बाईनं मला उचलायचं नाही," ते म्हणाले होते. "मी जन्मभर सामान उचललंय. मी सामान नाही."

हॉर्नला आई नाही, नवरा होता तो कधीच दुसऱ्या गावी निघून गेला. तिला हे वडील घरी हवे होते. ती तोंडानं असं काही म्हणायची नाही. ती फरशी बदलायची.

मिस्त्री पंधरा दिवस येत होता. न घसरणारी फरशी, भिंतीला पकडायच्या दांड्या, हात पोचेल इतकं खाली आणलेलं बेसिन आणि दारातल्या दोन पायऱ्यांवर लाकडी उतरण. आणि मुख्य म्हणजे बाथरूमचं दार. जुनं दार जेमतेम माणूस जाईल एवढं. एका बाजूला पाण्याचा पाइप, दुसऱ्या बाजूला घराचा खांब. मधल्या जागेतच काय ते बसवायचं. मिस्त्री म्हणाला होता, "खुर्चीचं माप आणा, त्यावर चौकट करतो." हॉर्नची ड्यूटी होती. मी म्हटलं, मी जाते. मापं घेणं हा माझा धंदाच.

मी शुश्रूषागृहात गेले तेव्हा काकांनी, म्हणजे हॉर्नच्या बाबांनी, दोन्ही हात पसरले. "छाती पण घ्या. बऱ्याच दिवसांत सूट शिवला नाही."

"काका, माप तुमचं नाही, तुमच्या गाडीचं आहे."

"मग तिला विचारा, श्वास आत घ्यायचा की सोडायचा."

चाक फिरवायला बाहेरून जी गोल कडी असते, त्या कडीपासून त्या कडीपर्यंत मी टेप लावली. पंचवीस इंच. त्यात दोन्ही मुठींसाठी एकेक इंच धरला, कारण नुसती खुर्ची आत गेली आणि माणसाचे हात बाहेर राहिले तर काय उपयोग? सत्तावीस. मिस्त्रीनं विचारलं, "नक्की ना, ताई?" मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं पुन्हा विचारलं नाही. तीस वर्षं मापं घेतेय, म्हटलं.

तर मंगळवार. हॉर्नला खुर्चीत बसवून आम्ही तिच्या मानेभोवती उभ्या राहिलो.

"शेक," मी म्हटलं. "मीठ तव्यावर गरम करून फडक्यात बांधायचं."

"बर्फ," गोळी म्हणाली. "पहिल्या दिवशी बर्फ. माझ्या काउंटरवर रोज दहा माना येतात."

"येतात ना? जातात कुठे ते बघितलंस का?"

"तुझ्या मिठानं कुणाची बरी झालीय, एक नाव सांग."

"माझ्या सासूबाईंची. त्या तर उशीसुद्धा उन्हात ठेवायच्या. म्हणायच्या, दुखणं उशीत असतं."

"मग तुलाही ठेवायचं उन्हात. सुनेतही असतंच की."

"भांडा," हॉर्न स्विचबोर्डला म्हणाली. "मी आहेच इथे. कुठे जातेय?"

शेवटी उजव्या बाजूला मीठ आणि डाव्या बाजूला बर्फ असा तह झाला. हॉर्न म्हणाली, एकीकडे उन्हाळा, एकीकडे हिवाळा, आता मधे पाऊस पडायचा तेवढा राहिलाय. आणि बर्फ वितळून तो पाऊस पाठीवर पडलाही.

बाथरूममधून मिस्त्री बाहेर आला. हातात ती लांबट पट्टी, जिच्यात पाण्याचा बुडबुडा असतो आणि फरशी सपाट आहे की नाही ते कळतं.

"ताई, माझी मान आखडली की मी हे डोक्यावर ठेवून घरभर चालतो. बुडबुडा मधे राहिला पाहिजे. तीन दिवसांत सुटते."

"कुठल्या डॉक्टरनं सांगितलं?" गोळीनं विचारलं.

"सांगितलं नाही कुणी. एकदा डोक्यावर ठेवून विसरलो होतो."

हॉर्ननं ते करून बघितलं. पांढरे ठिपके पडलेले केस, त्यावर पिवळी पट्टी, आणि ही आपली दिवाणखान्यात मिरवणुकीसारखी चालतेय. मिस्त्री मागून गंभीरपणे सांगत होता, "थोडं उजवीकडे… आणखी एक सूत… अं, गेला." मी आणि गोळी सोफ्यावर एकमेकींना धरून हसत होतो. हॉर्नला हसायला येत होतं आणि हसलं की दुखत होतं, त्यामुळे ती आम्हाला शिव्या देत होती, पण ओठ न हलवता.

गोळीनं बुधवारी मानेचा पट्टा आणला. हॉर्ननं तो हातसुद्धा न लावता परत केला.

"बाबांनी हा बघितला तर गाडीतून उतरायचेच नाहीत. माझ्यापायी पोरीनं मान मोडून घेतली म्हणतील. त्यांना कारणच हवंय."

"मग काय करणार आहेस?"

"स्कार्फ बांधीन. आणि समोर बघीन. ड्रायव्हर आहे मी, समोर बघायची सवय आहे."

बसच्या आरशात बघता येत नाही म्हणून तिनं कामावर रजा टाकली होती. रविवारपर्यंत मान कशीबशी मधोमध आली आणि तिथे थांबली. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. ही मुंगी वाटेत झोपली असावी.

रविवारी अकरा वाजता शुश्रूषागृहाची गाडी आली. मिस्त्री सकाळपासून हजर होता. दाराची कडी बसवायची राहिली आहे म्हणाला, पण कडी नऊ वाजताच बसली होती. आपण केलेलं काम वापरलं जाताना बघायचं असतं माणसाला. मलाही तसंच असतं, मी गिऱ्हाइकाला घालून दाखवा म्हणते.

काका उतरणीवरून स्वतःच्या हातांनी वर आले. दम लागला, पण आले. हॉर्न त्यांच्या पुढ्यात उभी, गळ्याला निळा स्कार्फ. बाप-लेक एकमेकांना मिठीबिठी मारणाऱ्यातले नव्हेत. ते म्हणाले, "बारीक झालीस." ती म्हणाली, "तुम्ही जाड झालात." झालं.

मग त्यांनी सोबत आलेल्या गाडीवाल्याला हाक मारली आणि तो डावीकडून बोलला. हॉर्न त्याच्याकडे वळली. मान नाही, अख्खी हॉर्न वळली, कपाटाचं दार उघडावं तशी.

काकांनी हे बघितलं. बंदरावर उंचावर बसून खाली काय हलतं आणि काय हलत नाही ते बघण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी लेकीकडे बघितलं, मग सावकाश वर. पांढरं छत. खिडकीजवळचा पिवळा कोपरा.

"छत कुणी रंगवलं?"

गोळी चहाचं बघते म्हणून आत सटकली.

"तो कोपरा का राहिला?" त्यांनी विचारलं.

"रंग संपला," हॉर्न म्हणाली.

रंगाचा अर्धा डबा खिडकीखालीच होता. काका त्या डब्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला आधी बाथरूमला जायचंय. गाडीत तासभर बसलोय."

आम्ही सगळे बाजूला झालो. ते बाथरूमच्या दारापाशी गेले, खुर्ची सरळ केली आणि कड्या फिरवल्या. पुढची छोटी चाकं आत गेली. मग एक खरखर ऐकू आली आणि ते थांबले. त्यांनी मागे घेऊन पुन्हा सरळ केली. पुन्हा खरखर. दोन्ही मुठींची हाडं चौकटीला घासत होती. उजव्या हाताचं सालटं निघून रक्ताचा ठिपका आला.

"हात मांडीवर ठेवा बाबा, मी मागून जरा—"

"नाही."

"एवढंसंच आहे हो. एक धक्का."

"आज एक धक्का. उद्या?" ते खुर्ची मागे घेत म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "आणि मान न वळणारी बाई मला ढकलणार. गाडीवाल्याला थांबायला सांगा."

हॉर्नचा चेहरा मला बघवेना. मी पर्समधून टेप काढली आणि खुर्चीपाशी खाली बसले. कडीपासून कडीपर्यंत. पंचवीस. "बघा, पंचवीसच आहे!" मग चौकट मोजली. सव्वीस. मला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू? "मिस्त्री, सत्तावीस सांगितलं होतं. सव्वीस केलंत."

मिस्त्रीनं कमरेची लोखंडी टेप काढून चौकटीत ताणली. "सत्तावीस आहे, ताई. सूतभर इकडे-तिकडे नाही." मग तो वाकला आणि खुर्ची मोजली. "खुर्ची सव्वीस आहे."

"असं कसं?"

त्यानं त्याची टेप जमिनीवर ठेवली आणि माझी तिच्या शेजारी. माझे पंचवीस जिथे संपत होते, तिथे त्याचे सव्वीस संपत होते.

कापडाची टेप. तीस वर्षं माझ्या गळ्यात लोंबलेली, रोज शंभरदा ताणलेली. ती ताणली गेली आणि मला पत्ता नाही, कारण माणूसही तिनंच मोजायचा आणि कापडही तिनंच. दोन्हीकडे सारखंच खोटं, त्यामुळे पँट बरोब्बर बसायची. अख्ख्या वस्तीच्या कमरा तीस वर्षं चुकीच्या मोजल्या मी आणि एकाची पँट कधी घसरली नाही. माझं माप माझ्या दुकानापुरतं खरं होतं. मी ते उचलून दुसऱ्याच्या टेपला दिलं आणि या माणसाच्या मुठींची जागा खाल्ली.

"माझी चूक आहे, काका," मी खाली बसूनच म्हटलं. "हिनं सगळं नीट केलं होतं. मिस्त्रीनंही. माझी टेप ताणलेली आहे."

काकांनी हात पुढे केला. मी टेप दिली. त्यांनी ती दोन्ही हातांत धरून हलकेच ओढली, जशी एखादी दोरी किती वजन पेलेल ते बघावं.

"किती वर्षांची?"

"तीस."

"एवढ्या वर्षांच्या दोरानं मी बादलीसुद्धा उचलली नसती," ते म्हणाले. मग जरा थांबून, "चूक झाली, पण लपवली नाहीत. आमच्याकडे लपवायचे."

"शिवता येईना, टेप वाकडी," आतून गोळी पुटपुटली. तिला गप्प बसवायची ही वेळ नव्हती, मी गप्पच बसले.

मिस्त्री तोवर चौकटीवर बोटं फिरवत होता. "ही काढली तर दोन्हीकडून दीड-दीड इंच मिळतो. तीस इंच."

"सिमेंटमध्ये बसवलेली चौकट कशी काढणार?" हॉर्न म्हणाली.

"सिमेंट लावलंच नाही. स्क्रूवर आहे." त्यानं माझ्याकडे बघायचं टाळलं. "राग मानू नका, ताई. दुसऱ्यानं घेतलेल्या मापावर मी सिमेंट लावत नाही. माणूस आत-बाहेर करून बघितला की मगच. पंधरा मिनिटं द्या."

राग? मी त्याच्या पाया पडायची बाकी होते.

"पण पंधरा मिनिटं…" बाहेर येत गोळीनं काकांकडे बघितलं. सगळ्यांनाच तो प्रश्न पडला होता. तासभर गाडीत, आणि इथली दहा मिनिटं.

"क्रेनवर बाथरूम नसायचं," काका म्हणाले. "करा सुरू."

मिस्त्रीनं दार उतरवलं. स्क्रू कुरकुरत बाहेर यायला लागले. हॉर्न वडिलांच्या समोर स्टुलावर बसली, ताठ, कारण दुसरं काही जमत नव्हतं.

"छत तुमच्यासाठी नाही रंगवलं," ती एकदम म्हणाली.

"हं."

"हं काय? ते पिवळं छत मी अकरा वर्षं बघतेय. झोपताना बघायचं, उठताना बघायचं. कुणासाठी रंगवणार? एकटीसाठी कोण शिडी आणतं? तुम्ही येणार म्हणून शिडी आणली. मान गेली ती माझ्या हौसेपायी गेली. तुमच्या नावावर टाकू नका."

हॉर्नचा आवाज असा खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. काकांच्या कपाळावर घाम आला होता आणि ते खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते.

"मीठ लावलंस का?" त्यांनी दातांवर दात ठेवून विचारलं.

"एका बाजूला. दुसऱ्या बाजूला बर्फ."

"दोन्ही? मूर्ख आहात का तुम्ही?"

"या दोघींना विचारा."

शेवटचा स्क्रू निघाला. मिस्त्रीनं चौकट एका अंगाला उभी केली. उघडी वीट, सिमेंटचे कण, आणि मधे रुंद मोकळी जागा. दार नाही.

"दार नाही," गोळी हळूच म्हणाली.

"मग आम्ही बाहेर जातो," हॉर्न उठत म्हणाली. "चला. सगळे."

आम्ही पाचजण दाराबाहेर उतरणीवर येऊन उभे राहिलो: आम्ही तिघी, मिस्त्री आणि तो गाडीवाला, जो घड्याळ बघत होता. हॉर्ननं घराचं दार ओढून घेतलं आणि त्याला पाठ करून उभी राहिली. आतून चाकांचा आवाज आला, मग थांबला. मग काहीच नाही.

"बर्फच बरोबर होता," गोळी कुजबुजली.

"गप्प बस गं."

"नाही, मी म्हणते, बर्फ पहिल्या दिवशी आणि मीठ—"

आत धाडकन काहीतरी आपटलं. मिस्त्रीचा हात कडीकडे गेला. गाडीवाला दोन पावलं पुढे आला. हॉर्नला मागे बघायचं तर अख्खं वळावं लागलं असतं. ती वळली नाही. तिनं हात मागे करून दार घट्ट धरून ठेवलं, आमच्यासाठी बंद.

"बाबा?" समोरच्या रस्त्याकडे तोंड करून ती ओरडली. आता तिचा नेहमीचा आवाज होता. पलीकडच्या फुटपाथवरची बाई बाजूला झाली.

"बादली पडली!" आतून आलं. "मी नाही!"

कुणी हललं नाही. बराच वेळ गेला. मग पाणी वाहिल्याचा आवाज आला, तो थांबला, पुन्हा आला, या वेळी बेसिनच्या नळाचा. गाडीवाल्यानं घड्याळ बघायचं सोडलं. चाकं फरशीवरून फिरली, उंबऱ्याच्या जागी जराशी अडखळली, आणि दिवाणखान्यात आली. खरखर झाली नाही.

"मिस्त्री!" काकांनी हाक मारली. "तिथे दार कसलं लावणार आहात?"

"बाहेरून सरकतं लावू, काका. जागा खात नाही."

"कडी आतून हवी. आणि खाली हवी, माझ्या हाताला येईल अशी."

मिस्त्री हो म्हणाला. गाडीवाला मान डोलावून गाडीकडे निघाला. हॉर्न मात्र तशीच उभी होती, सरळ समोर बघत. मान खाली घालता येत नव्हती, बाजूला वळवता येत नव्हती, त्यामुळे रडणं लपवायची काही सोयच नव्हती. ते सगळं रस्त्यादेखत गालांवरून स्कार्फमध्ये चाललं होतं. गोळी तिच्यापुढे जाऊन उभी राहिली, आडोशाला. ती बुटकी आहे, म्हणून मग मीही राहिले.